फळीवरचे पाच डबे आणि परत येणारा एक

पत्र असं आहे :

"माझा मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे. वजन 21 किलो. गेले तीन-चार महिने शाळेतून आला की दप्तर टाकतो आणि सोफ्यावर आडवा होतो. पूर्वी खाली खेळायला गेला की हाका मारून आणावं लागायचं, आता 'जा' म्हटलं तरी जात नाही. जेवायला बसला की पाच घास. शाळेचा डबा अर्धा परत येतो. इंग्रजी औषधं नकोत म्हणून आम्ही सगळं आयुर्वेदिकच देतो. सासूबाई सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे च्यवनप्राश देतात. दुधात शतावरी कल्प असतो, शिवाय चॉकलेटची पावडर, नाहीतर तो दूध पीत नाही. तशी दिली की तीन पेले पितो. अरविंदासव आणलं आहे. शेजारच्या वहिनींनी अश्वगंधा चूर्ण दिलंय, रोज एक चमचा दुधातून द्या म्हणाल्या. त्याच्या वर्गातल्या एका मुलाच्या आईकडून सुवर्णप्राशनाचे थेंब घेतलेत. धाकटी दहा महिन्यांची आहे, तिलाही सासूबाई च्यवनप्राश बोटावर घेऊन चाटवतात. यातलं कोणतं चालू ठेवू? की याहून चांगलं एखादं टॉनिक सुचवाल? – एक आई, कराड"

ताई, आधी धाकटीचं, कारण ते थांबण्यासारखं नाही. तिला ते बोट आजपासून बंद. च्यवनप्राशात मध असतो आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, बोटभरसुद्धा नाही. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. आपल्याला ते काही करत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. बद्धकोष्ठ होतं, रडणं बारीक होतं, दूध ओढलं जात नाही, मान-हातपाय ढिले पडतात. असं कधीकधीच होतं. पण झालं तर बाळ अतिदक्षता विभागात जातं. नवजात बाळाला मध चाटवायची चाल आपल्याकडे जुनी आहे आणि ग्रंथांतही आहे, हे मला ठाऊक आहे. मी स्वतः वैद्य आहे. तरी सांगते, नको. सुवर्णप्राशनाचे थेंबही बहुतेक मधातच असतात, तेही तिच्या तोंडाजवळ नेऊ नका.

आता मोठ्याकडे येऊ.

तुम्ही विचारलंत, पाचातलं कोणतं चालू ठेवू. माझं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. सध्या एकही नाही. आणि हे मी आयुर्वेदावरचा विश्वास उडाला म्हणून सांगत नाही, आयुर्वेद वाचला आहे म्हणून सांगते आहे.

चरकसंहितेत च्यवनप्राशाचा पाठ आहे. पाचशे आवळे, दशमुळं, तूप, तेल, साखर, मध, पिंपळी, वंशलोचन, असा मोठा घाट. त्याच्या गुणांत लहान मुलांचं अंग भरतं असंही म्हटलंय, म्हणजे सासूबाईंचं काही अगदीच चुकलेलं नाही. पण त्याच ठिकाणी मात्रा सांगितली आहे आणि ती चमच्यात सांगितलेली नाही : 'अस्य मात्रां प्रयुञ्जीत योपरुन्ध्यान्न भोजनम्'. जेवण अडणार नाही, एवढीच मात्रा. मला हे वाक्य फार आवडतं. प्रत्येक डब्याच्या झाकणावर छापावं असं आहे. आता तुमच्या मुलाचं बघा. पाच घास आणि अर्धा परत आलेला डबा. त्याचं जेवण अडलंय, ताई, आणि ते अडवणाऱ्यांत टॉनिकंच पुढे आहेत.

हिशोब मांडून बघू, ढोबळच. च्यवनप्राशाचा भरलेला चमचा साधारण 10 ग्रॅमचा. दिवसाला चार चमचे म्हणजे 40 ग्रॅम. बाजारातल्या च्यवनप्राशात वजनाने निम्मी किंवा त्याहून जास्त साखर असते. डब्याच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, चष्मा लावून वाचा. झाली 20 ग्रॅम. शतावरी कल्प म्हणजे शतावरीचा रस किंवा काढा साखरेत आटवून केलेले दाणे. तीन पेल्यांत तीन चमचे घातले तर आणखी 10 ग्रॅम तरी साखर. चॉकलेट पावडरीची तेवढीच. बेरीज 40 ग्रॅम, म्हणजे चहाचे आठ चमचे साखर, तीही 'ताकदीसाठी'. या वयाच्या मुलाला दिवसभरात वरून घातलेली साखर 25 ग्रॅमच्या आत असावी असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. त्यात तीन पेले दूध मिळवा. आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 1700 किलोकॅलरी लागतात. त्यातला एक तृतीयांश वाटा तुमचा मुलगा पिऊन आणि चाटून संपवतो. मग भाजी-भाकरीला जागा कुठून राहणार? तो हट्टी नाही. त्याचं पोट भरलेलं आहे.

आणि दुधात लोह जवळजवळ नसतंच. हे वाक्य मी एका वेळेला घरातच शिकले, तेव्हा ते सांगते.

माझी मुलगी दुसरीत होती. आता सत्तावीस वर्षांची आहे, तिला विचारूनच लिहिते आहे. ती अशीच मलूल झाली. आई वैद्य, मग काय! मी स्वतः घरी केलेला शतावरी कल्प तिला तीन महिने दिला, दोन्ही वेळा दुधातून, फार कौतुकाने. ती दूध प्यायची, पोळी ठेवायची, आणि मी म्हणायचे, दूध तरी पिते ना. त्या दिवसांत तिच्या कंपासपेटीतल्या पाटीवरच्या पेन्सिली फार लवकर संपायच्या. मी दर आठवड्याला नवीन डबी आणायचे आणि शाळेत लिहून फार घेतात म्हणून कुरकुरायचे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझी एक मैत्रीण आली होती, बालरोगतज्ज्ञ. तिने वाण घेता घेता मुलीला जवळ ओढलं, तिची खालची पापणी अंगठ्याने जराशी खाली ओढली आणि मला विचारलं, "हिचं हिमोग्लोबिन कधी केलंस?" केलंच नव्हतं. 8.9 निघालं. पेन्सिली ती खात होती. माती, खडू, भिंतीचा पापुद्रा, पेन्सिल, बर्फ, असलं काही मूल खात असेल तर लोह कमी असण्याची दाट शक्यता असते, हे मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. घरात दिसलं नाही.

म्हणून तुमच्या मुलाची पापणी उद्या सकाळी उजेडात बघा. आतली बाजू लालसर-गुलाबी हवी. फिकट दिसली तर दिसली, पण गुलाबी वाटली म्हणून खात्री धरू नका, रक्त तपासा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा), आणि घरी शाकाहार असेल तर बी-12ही. या वयात हिमोग्लोबिन 11.5 च्या खाली असेल तर पंडुरोग, म्हणजे ॲनिमिया, समजायचा. ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 68.9 टक्के मुलं पंडुरोगी निघाली होती. तुमचा त्या वयातून पुढे सरकला आहे, पण खाणं तेच असेल तर आजारही वयाबरोबर पुढे सरकतो.

पत्रात चहाचं काही नाही, पण कराडच्या घरात संध्याकाळी चहा-चपाती नसेल असं मला वाटत नाही. असली तर मुलाची बंद करा. चहा अन्नातलं लोह नीट शोषू देत नाही. उलट उसळीवर लिंबू पिळलं की ते चांगलं शोषलं जातं. जंताची गोळी शाळेत मिळाली का, आणि मिळाली तर त्याने ती खाल्ली की खिशात ठेवली, हेही विचारा. पोरं खिशात ठेवतात.

डॉक्टरांना आणखी दोन-तीन गोष्टी सांगायच्या आहेत, त्या आधी बघून ठेवा. रात्री तो घोरतो का, तोंड उघडं टाकून झोपतो का? नाकामागच्या गाठी वाढल्या असतील तर रात्रभर झोप मोडत राहते आणि मूल दिवसा पेंगतं. त्याला कुठलंही चूर्ण लागू पडत नाही. झोपतो किती वाजता? या वयाला नऊ ते बारा तास झोप लागते. घरातल्या मालिका संपेपर्यंत तो जागा असेल तर उत्तर तिथेच आहे. वर्षभरात उंची किती वाढली? पाच-सहा सेंटिमीटर आणि दोन-तीन किलो, एवढी वाढ होत असेल तर 21 किलोला घाबरायचं कारण नाही. एकटा आकडा काही सांगत नाही. गेल्या वर्षीचा शाळेच्या तपासणीचा कागद शोधा.

मात्र त्याला खूप तहान लागत असेल, रात्री लघवीला उठत असेल किंवा बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं असेल, वजन उतरत असेल, तर रिपोर्टची, माझ्या उत्तराची, कशाचीच वाट बघू नका. त्याच दिवशी साखर तपासा. मुलांच्या मधुमेहाची सुरुवात बऱ्याचदा अशी थकव्याने होते, आणि त्यात आपण चमच्याने साखर देत असतो. दोन आठवड्यांवर बारीक ताप, मानेत गाठी, अंगावर विनाकारण काळेनिळे डाग, जिना चढताना धाप, यातलं काही असेल तरी लगेच जा.

आता फळीवरच्या डब्यांबद्दल, कारण वहिनी आणि सासूबाई दोघींना काहीतरी सांगावं लागेल तुम्हाला.

वहिनींचं अश्वगंधा चूर्ण परत करा. अश्वगंधा म्हणजे आपलं आस्कंद, बाळगुटीतलंच. 'गुटीत चालतं मग चूर्ण का नाही' असं त्या म्हणतील. सहाण आठवा. आईच्या दुधाचे चार थेंब, त्यावर आस्कंदाच्या मुळीचे एक किंवा दोन वेढे, की झालं, पुढची मुळी. त्या दोन वेढ्यांत मुळीचा जो अंश उतरतो तो बोटाला लागलेल्या गंधाएवढा. चमचाभर चूर्ण म्हणजे तीन ग्रॅम, मोठ्या माणसाची मात्रा. वस्तू एकच, पण त्या दोन मात्रांची तुलनाच होत नाही. शिवाय आस्कंदाने गुंगी येते, थायरॉइडवर परिणाम होतो, क्वचित यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. आधीच सोफ्यावर आडवा होणाऱ्या मुलाला ते तुम्ही देणार! मी माझ्या रुग्णांना आस्कंद देते, मुलांनाही कधीकधी देते, पण नाडी-जीभ-पोट बघून, मोजून आणि ठरावीक दिवसच.

अरविंदासव हे खरोखर बालरोगांसाठीच सांगितलेलं आसव आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण आसव म्हणजे आंबवलेलं. त्यात आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, बाटलीवर ते लिहिलेलंही असतं. वैद्याने दिलं तर ठरलेल्या मात्रेत, समभाग पाणी घालून, जेवणानंतर. 'आणलंय' म्हणून द्यायची ती वस्तू नाही.

सुवर्णप्राशनाबद्दल जरा स्पष्ट बोलते. काश्यपसंहितेत, म्हणजे बालरोगांवरच्या आपल्या जुन्या ग्रंथात, त्याचा श्लोक आहे : धुतलेल्या दगडावर थोड्या पाण्यात सोनं उगाळून मध-तुपातून बाळाला चाटवावं. महिन्याने काय होतं, सहा महिन्यांनी काय होतं हे तिथे आहे. हल्ली हे थेंब पुष्य नक्षत्रावर देतात, ते नक्षत्र त्या श्लोकात नाही. महिन्यातून एकदा रांग लावून दोन थेंब घ्यायचे हेही नाही. आणि त्याच अध्यायात, कोणत्या मुलांना असलं चाटण देऊ नये, याची यादी आहे. अजीर्ण झालेलं, अग्नी मंद असलेलं मूल त्यात येतं. तुमचा मुलगा जेवत नाही, म्हणजे तो त्या यादीतला. ते सोडा. माझी खरी काळजी वेगळी आहे. ती बाटली कोणी भरली? तिच्यावर उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, बॅच, तारीख, घटकांची यादी आहे का? वर्गातल्या आईकडून आलेल्या बाटलीवर बहुधा फक्त गणपतीचं चित्र असतं. अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतून घेतलेली 70 आयुर्वेदिक औषधं तपासली तेव्हा 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक मर्यादेबाहेर सापडलं. 2004 ची ही गोष्ट. त्यावर आमच्या मंडळींनी बराच राग धरला, मीही धरला होता. पण शिशाने मुलाचं रक्त कमी होतं, पोट दुखतं, भूक मरते, अभ्यासात लक्ष लागत नाही. म्हणजे ज्याच्यासाठी टॉनिक द्यायचं तेच वाढायचं. लेबल नसलेली बाटली घरात नको. आणि घटकांत भस्म, रस (इथे रस म्हणजे पारा), सिंदूर असा शब्द दिसला तर ती वस्तू दुकानातून आपणहून आणायची नाही, मग कंपनी कितीही मोठी असो.

एक बारीक गोष्ट : रिपोर्टमध्ये लोह कमी निघालं तर डॉक्टर लोहाचं सिरप देतील, शाळेत आठवड्याला गुलाबी गोळी मिळत असेल, आणि एखादा शेजारी मंडूर किंवा लोहासव सुचवेल. तिन्ही लोहच आहेत. कोणतं एक घ्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि ती बाटली उंच फळीवर ठेवा. लोहाचं गोड सिरप मुलाने, त्यातही रांगणाऱ्या धाकटीने, एका दमात प्यायलं तर जिवावर बेततं. 'इंग्रजी नको' हा हट्ट इथे थोडा बाजूला ठेवा. माझ्या मुलीला मी लोहाचं सिरपच दिलं. दातांना काळं लागू नये म्हणून नळीने.

राहिला च्यवनप्राश. तो मी कायमचा बंद करत नाही. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट, त्याने म्हटलंय की शरीर शुद्ध नसताना रसायन, म्हणजे च्यवनप्राशासारखं ताकदीचं औषध, दिलं तर मळक्या कापडाला रंग चढत नाही तसं होतं. इथे शुद्धी म्हणजे पंचकर्म नव्हे हो; पोट मोकळं, जीभ स्वच्छ आणि भूक लागलेली, एवढंच. ते झालं की थंडीच्या दोन महिन्यांत सकाळी अर्धा चमचा, वर अर्ध्या तासाने पोटभर न्याहरी. तोवर डबा सासूबाईंनी स्वतः खावा. चरकाने तो वृद्धांसाठीही सांगितला आहे, आणि च्यवन ऋषी काही तिसरीत नव्हते. फक्त त्यांना साखरेचा त्रास नाही ना, ते बघा.

सहा आठवडे असं करा. दूध दोन पेले, बिनपावडरीचं, आणि जेवणाच्या आधी दोन तास तरी नाही. पहिले आठ दिवस तो साध्या दुधाला हात लावणार नाही. नाही तर नाही, दही-ताक घेऊ दे. सकाळी उठल्याउठल्या काही चाटवू नका. भूक लागू दे, भूक ही फार चांगली वस्तू आहे. न्याहरीला थालीपीठ आणि लोणी, किंवा बाजरीची गरम भाकरी, तूप, गूळ. डब्यात मटकीची उसळ आणि लिंबाची फोड. लिंबू वेगळं द्या, मुलांना स्वतः पिळायला आवडतं. संध्याकाळी आल्यावर सोफ्याच्या आधी शेंगदाण्याचा किंवा अळिवाचा लाडू. सासूबाईंना हे काम द्या. नातवाला आपण काहीच देत नाही असं झालं तर त्या चोरून डबा उघडतील, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही उघडला असता. त्यांना सांगा, 'वैद्यबाईंनी अळिवाचे लाडू सांगितलेत, आणि ते मला जमत नाहीत.' ओला नारळ, गूळ, भिजवलेले अळीव, वर जायफळ. त्यांना येतातच. आवळा द्यायचाच असेल तर हंगामात किसून, मीठ-जिरं लावून वाळवा. ती आवळासुपारी पोरं खिशात घालून खातात. अंडं चालत असेल घरी, तर रोज एक.

शेवटचं एक विचारायचं राहिलं. डबा अर्धा का परत येतो, हे तुम्ही त्याला विचारलंत का? रागावून नाही, झोपताना, अंधारात, त्याच्याकडे न बघता. माझ्याकडे एक मुलगा यायचा, त्याला तर चार वैद्यांचे काढे झाले होते. मधली सुट्टी पंधरा मिनिटांची, आणि शेजारी बसणारा पोरगा रोज त्याच्या डब्यातली पोळी उचलायचा. घरी हे कोणाला माहीतच नव्हतं. त्याचा बाक बदलला.

रिपोर्ट आले की आकड्यांसकट लिहा. त्याच्या उंचीचा आकडा पत्रात नव्हता, तोही लिहा. भिंतीला टेकवून, डोक्यावर पुस्तक ठेवून, पेन्सिलने खूण करा, आणि सहा आठवड्यांनी नाही, तीन महिन्यांनी पुन्हा.